थरथर मोजा, मग पाना उचला

ताशी ८० किलोमीटरपर्यंत गाडी अगदी शांत असते. काटा ९५च्या पुढे सरकला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, १०५च्या आसपास ती थरथर कळसाला पोहोचते आणि १२० ओलांडताना बरीचशी विरून जाते. स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे, आणि तिच्यावरचा रूढ उपचारही ठरलेला आहे: आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग टाय रॉड, मग बुश, मग ब्रेकच्या डिस्क. एकेक भाग बदलत जायचे आणि थरथर थांबली की शेवटी बदललेल्या भागाच्या माथी दोष मारायचा. या पद्धतीने खरा दोषी सापडलाच तर तो योगायोगाने सापडतो. वास्तविक थरथर हीच या प्रकरणातली सर्वांत बोलकी साक्षीदार आहे. ती सेकंदाला किती वेळा होते, कोणत्या वेगाला होते आणि काय केल्याने बदलते, एवढे तिला विचारले तर एकही बोल्ट सैल न करता अर्ध्याहून अधिक गाडी संशयातून मोकळी होते.

हा दावा आकड्यांवर तपासायला माझदा एमएक्स-५ ही गाडी सोयीची आहे. १९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात अवतरलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण तिची रचना साधी आहे आणि तिचे आकडे सर्वज्ञात आहेत. पहिल्या पिढीच्या गाडीचे वजन जेमतेम साडेनऊशे किलो, टायर १८५/६० आर १४ मापाचे. या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १५.४ फेरे घेते. चाकात एका जागी दोष असेल तर धक्का फेऱ्यागणिक एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ वेळा बसेल. चाक किंचित लंबगोल असेल तर फेऱ्यागणिक दोनदा, म्हणजे सुमारे ३१ वेळा. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट १.६ लिटरच्या मूळ गाडीत चाकाच्या ४.३ पट फिरतो. त्याचा दोष सेकंदाला ६६ वेळा जाणवेल. पंधराचा कंप हाताला सुटासुटा कळतो, स्टिअरिंगची कड डोळ्यांनाही हलताना दिसते. सहासष्टचा कंप मात्र घुरघुरीसारखा भासतो आणि तळव्याला मुंग्या आणतो.

इंजिनाला वगळायचे तर गिअर पुरेसा आहे. याच गाडीत ताशी १०० किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते आणि चौथ्या गिअरमध्ये सुमारे ४,०००. वेग तोच ठेवून गिअर बदलला तर इंजिनाची गती पाव पटीने वाढते, चाकाची मात्र तसूभरही बदलत नाही. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन, क्लच आणि त्यांचे माउंट यांच्यावरचा संशय जवळपास संपतो. अशा एका मिनिटाच्या चाचणीने जे कळते, ते कळायला भाग बदलण्याच्या मार्गाने कित्येक आठवडे जाऊ शकतात.

आता संशय चाकांवर आला. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा असमतोल म्हणजे दिसायला काहीच नाही. पण गोफणीतला दगड फिरवणाऱ्याला ठाऊक असते की ओढ नुसत्या वजनाने येत नाही, गतीने येते, आणि गती दुप्पट झाली की ओढ चौपट होते. चौदा इंची रिमवरचे हे २० ग्रॅम ताशी ५० किलोमीटरला साधारण ८५० ग्रॅम वजनाइतकी ओढ निर्माण करतात. ताशी १०० किलोमीटरला ती जवळजवळ साडेतीन किलोंवर जाते आणि सेकंदाला १५ वेळा दिशा बदलते. म्हणूनच असमतोल गावातल्या वेगाला गप्प असतो. उलट ताशी ३० किलोमीटरलाच स्टिअरिंग डुलत असेल तर २०-३० ग्रॅमच्या असमतोलाला दोष देण्यात अर्थ नाही; तिथे वाकलेली रिम किंवा आतला पट्टा सुटून फुगलेला टायर शोधला पाहिजे, आणि तोवर त्या टायरवर वेगाने जाऊ नये.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल, तर १२०ला थरथर वाढायला हवी. ती विरते कशी? उत्तर अनुनादात आहे. चाक एका बाजूने टायरच्या हवेच्या उशीवर आणि दुसऱ्या बाजूने सस्पेन्शनच्या स्प्रिंग-बुशांवर टेकलेले असते. अशा जोडणीला तिची स्वतःची लय असते. गाडीचा सांगाडा सेकंदाला एक-दोनदा डोलतो, पण चाक आणि त्याच्या जोडण्यांची लय सर्वसाधारणपणे १० ते २० च्या दरम्यान पडते. झोपाळ्याला त्याच्या लयीत दिलेला हलका धक्काही झोका वाढवतो, बेलयीत दिलेला जोराचा धक्काही वाया जातो. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळतात ते नेमके महामार्गाच्या वेगाला. पुढे गेल्यावर जुळणी मोडते आणि ओढ वाढूनही हाताला कमी पोहोचते. तेव्हा विरलेली थरथर म्हणजे दोष गेल्याची खूण नव्हे. वेग वाढवून त्यातून ‘बाहेर पडणारा’ चालक बेअरिंगवर आणि टायरवर अधिक ताण टाकत असतो, त्याला तो फक्त कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे: थरथर दोषामुळे असेल तर ती कायम हवी, पण ती कधी येते, कधी जाते. या लहरीपणाच्याच जोरावर अनेक गाड्या ‘तपासली, काही सापडले नाही’ असा शेरा घेऊन परत जातात. मात्र हा लहरीपणा नियमबद्ध आहे. पुढच्या दोन्ही चाकांत असमतोल असेल आणि त्यांची जड बाजू एकाच क्षणी पुढे येत असेल, तर दोन्ही चाके एकमेकांच्या विरुद्ध दिशांना वळू पाहतात आणि त्यांचे जोर स्टिअरिंगच्या रॅकवर एकमेकांना खोडतात. एका चाकाची जड बाजू पुढे आणि दुसऱ्याची मागे असेल, तर दोघांचे जोर एकाच दिशेने लागतात आणि स्टिअरिंग हलते. दोन टायरांच्या घेरात अर्ध्या टक्क्याचा फरक असला तरी ताशी १०० किलोमीटरला ही जुळणी साधारण दर १३ सेकंदांनी बदलून पुन्हा तिथेच येते. दोन तंबोरे किंचित बेसूर लागले की आवाज जसा उठतो-बसतो, तशीच ही थरथर उठते-बसते. भौतिकशास्त्रात यालाच विस्पंद म्हणतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, म्हणून प्रत्येक वळणानंतर जुळणी नव्याने ठरते. तेव्हा सरळ रस्त्यावर एका लयीत वाढणारी-ओसरणारी थरथर हा दोन्ही चाकांविरुद्धचा पुरावा ठरतो. एकसारखी, न बदलणारी थरथर असेल तर एकाच चाकाकडे आधी पाहावे.

‘पण बॅलन्सिंग तर कालच केले, यंत्राने शून्य दाखवले’ हे पुढचे उत्तर ठरलेले. यंत्राचे शून्य खोटे नसते, ते वेगळ्या परिस्थितीतले असते. यंत्रावर चाक शंकूने मध्यभागी धरलेले असते आणि हवेत फिरते. गाडीवर ते हबवर बसते. एमएक्स-५च्या चाकाचे मधले छिद्र ५४.१ मिलिमीटरचे, त्याहून मोठ्या छिद्राचे बाजारातले अलॉय व्हील मधल्या रिंगेशिवाय बसवले किंवा हबवर गंजाची खपली राहिली, तर चाक अर्धा मिलिमीटर सरकून बसू शकते. टायरसकट १२ किलोचे चाक अर्धा मिलिमीटर सरकले, तर रिमच्या कडेला जवळजवळ ३४ ग्रॅमचे वजन चिकटवल्यासारखे होते. यंत्रावरचे निर्दोष शून्य गाडीवर येताच ३४ होते. दुसरी मर्यादा हवेत फिरण्याची. टायर एका बाजूला किंचित कडक असेल तर तो दोष भार पडल्यावरच उघडा पडतो, वजने लावून तो जात नाही. त्यासाठी फिरत्या चाकावर रोलर दाबून बलातला चढउतार मोजणारी यंत्रे आहेत. उपायही वेगळा: टायरची उंच बाजू रिमच्या सखल बाजूवर येईल असा टायर रिमवर फिरवून बसवायचा. म्हणून बॅलन्सिंग झाल्यानंतरही थरथर उरली, तर तेच बॅलन्सिंग तिसऱ्यांदा करण्यात हशील नाही. दोष कोणत्या पायरीवर लपला आहे ते पाहायला हवे. चाक काढून, हब घासून, ते अर्धा फेरा फिरवून बसवले आणि थरथर बदलली, तर बसण्यात खोट आहे. पुढची चाके मागे टाकल्यावर थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर खोट चाकातच आहे. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये मागचे टायर रुंद असल्याने ही अदलाबदल जमत नाही हे खरे, पण हबवर चाक फिरवून बसवण्याला तशी आडकाठी नसते.

अलाइनमेंटच्या बाबतीत तर बहुधा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो. चाकांचे कोन चुकले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरके झिजतात. पण चुकलेला कोन फेऱ्यागणिक बदलत नाही, म्हणून तो स्वतः सेकंदाला १५ धक्के देऊ शकत नाही. फार तर टायर वेडेवाकडे झिजवून तो थरथरीला पुढे निमित्त पुरवेल. बुश आणि टाय रॉडचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, कारण बुश बदलल्यावर थरथर खरोखर कमी झाल्याचा अनुभव अनेकांना येतो. तो नाकारायचे कारण नाही, त्याचा अर्थ नीट लावायला हवा. कंपाला उगम असतो आणि वाट असते. झिजलेला बुश ही वाट रुंद करतो. नवा बुश ती अरुंद करतो, उगम मात्र तसाच फिरत राहतो. झिजलेला भाग सुरक्षिततेसाठी बदललाच पाहिजे, पण तो बदलल्याने निदान झाले असे समजणे म्हणजे ताप उतरला म्हणून रोग गेला असे मानणे. ब्रेकचा मुद्दा मात्र चटकन निकाली निघतो: थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसण्याची शक्यता मोठी; ब्रेकला पाय न लावता येणाऱ्या थरथरीत डिस्कचा वाटा क्वचितच असतो.

‘स्पोर्ट्स कार आहे, रस्ता जाणवणारच’ असेही समाधान करून घेतले जाते. त्यात अर्धे सत्य आहे. अशा गाडीचे बुश कडक, टायरच्या भिंती आखूड आणि एमएक्स-५च्या साध्या आवृत्तीत तर पॉवर स्टिअरिंगही नव्हते. जड सेडानमध्ये जे वाटेत जिरते ते इथे हातापर्यंत पोहोचते. शिवाय अशा गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, त्यामुळे टायरला टेकलेल्या जागी सपाटपणा येतो. तो बहुधा टायर तापल्यावर काही किलोमीटरांत जातो. पण रस्त्याची खडबड अनियमित असते, तिला ठरावीक वेग ठाऊक नसतो. रस्ता बदलला तरी त्याच वेगाला, त्याच लयीत येणारी थरथर रस्त्याची नाही, ती गाडीने स्वतः निर्माण केलेली आहे. संवेदनशील गाडीत दोष लवकर कळतो, म्हणून त्याला गाडीचा स्वभाव म्हणता येत नाही.

लय मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. जर्मनीतील आखेन विद्यापीठाच्या ‘फायफॉक्स’सारख्या ॲपने फोनमधला त्वरणमापक कंपाची वारंवारता दाखवतो, मोजणी अर्थातच सोबत्याने करावी, चालकाने नव्हे. यावर शंका काढता येईल, आणि ती रास्त आहे: फोन सेकंदाला १०० वेळा नोंद घेत असेल, तर तो ५० हर्ट्झच्या वरचा कंप ओळखू शकत नाही. उलट प्रोपेलर शाफ्टचा ६६चा कंप पडद्यावर ३४ म्हणून दिसेल आणि लंबगोल चाकाच्या ३१शी त्याची गल्लत होईल. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. हाताला घुरघुर लागते की थरथर, याची साक्षही त्याला जोडावी. पंधराच्या आसपासचा कंप पकडायला मात्र साधा फोन पुरेसा आहे.

महाराष्ट्रात हा विषय आता फक्त हौशी गाडीवाल्यांचा उरलेला नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे थरथरीचा संपूर्ण पट्टा साध्या हॅचबॅकलाही तासन्‌तास अनुभवता येतो. असा कंप नव्याने जाणवला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून चाकांचे नट आणि टायरवरचे फुगवटे आधी पाहावेत. ढिला नट थरथरीच्या अभ्यासाची वाट पाहत नाही. त्यानंतर गॅरेजमध्ये ‘गाडी थरथरते, बघा जरा’ म्हणण्याऐवजी एवढे सांगावे: ‘९५ ते ११५ला स्टिअरिंगमध्ये, सेकंदाला पंधराच्या आसपास, चौथ्यात आणि पाचव्यातही सारखीच, ब्रेक न लावता, सरळ रस्त्यावर कमीजास्त होत.’ या एका वाक्यात इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेक यांची सुटका होते, आणि मेकॅनिकच्या हाती उरतात ती पुढची दोन चाके.