वाड्यातील मृत्यू आणि चावडीतील कागद

ज्या घरात एखादा मृत्यू संशयास्पद ठरतो, त्या घराची शांतता केवळ एका माणसाच्या जाण्याने भंग पावत नाही. ज्या गोष्टी माजघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून घरातल्या प्रत्येकाने कधी धाकाने, कधी मायेने, तर कधी निव्वळ मिळकतीच्या लोभाने वर्षानुवर्षे मौन पत्करलेले असते, त्या साऱ्या गोष्टी त्या मृत्यूपाठोपाठ एकेक करून ओसरीवर येऊ लागतात. दूरचित्रवाणीवरील गूढ कौटुंबिक मालिकांचा प्राण या मानवी सत्यात आहे. भुताखेतांचा संचार हे त्याचे केवळ बाह्य वेष्टन होय.

मराठीत याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’. झी मराठी वाहिनीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील जुन्या घरात चित्रित झालेल्या या मालिकेचा आरंभच नाईक कुटुंबाचे कर्ते पुरुष अण्णा यांच्या मृत्यूने होतो. मुंबईस स्थायिक झालेला माधव, गावी राहून शेतीभाती सांभाळणारा दत्ता, धाकटा अभिराम, मुलगी छाया आणि या सर्वांना धरून ठेवू पाहणारी माई एका छपराखाली येतात, आणि दुःखाच्या पहिल्या उमाळ्यानंतर मिळकतीचा प्रश्न उभा राहताच प्रत्येकाच्या मनातील गाठी दिसू लागतात. त्यातच शेवंता या विवाहबाह्य संबंधातील स्त्रीपासून झालेली अण्णांची मुलगी सुषमा हिच्या रूपाने घराने नाकारलेले नाते दाराशी येऊन उभे राहते. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेऊन जिवंत अण्णा दाखवले. अण्णांच्या भूमिकेत माधव अभ्यंकरांनी उभा केलेला तो दरारा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. आधी मृत्यू आणि मागाहून आयुष्य, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण कोणताही प्रामाणिक तपास याच दिशेने चालतो: प्रेतापासून निघून तो जगण्यापर्यंत मागे जातो.

सातासमुद्रांपलीकडेही हेच घडले होते. अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ पासून २ एप्रिल १९७१ पर्यंत, तब्बल १२२५ भागांतून चाललेली डॅन कर्टिस यांची ‘डार्क शॅडोज’ ही मालिका आज मुख्यतः बार्नबस कॉलिन्स या रक्तपिपासू पात्रासाठी स्मरली जाते. परंतु ते पात्र १९६७ मध्ये अवतरण्यापूर्वीच, कॉलिन्स घराण्याच्या मासळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक बिल मॅलॉय याच्या मृत्यूने त्या वाड्याचा पाया हादरला होता. एका जुन्या अपघाती मृत्यूबद्दल बर्क डेव्हलिन नावाच्या इसमाने तुरुंगवास भोगला होता. मॅलॉय त्या प्रकरणातील सत्य उघड करू पाहत होता, आणि ते सत्य घराण्यातील रॉजरच्या अंगाशी येणारे होते. संशयाची सुई म्हणून रॉजरकडे वळते. प्रत्यक्षात मॅलॉयच्या मृत्यूस कारण ठरतो तो मालकिणीवर निस्सीम निष्ठा असलेला वाड्याचा राखणदार मॅथ्यू मॉर्गन. घराच्या अब्रूपायी माणसाचा जीव गेला, ही त्या कथेतील खरी भीषणता. पुढे मॅलॉयचे भूत प्रकट होते ते एका दडपलेल्या साक्षीदाराच्या अधिकाराने.

या कथा आपल्यापासून दूरच्या नाहीत, हे पटण्यासाठी जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारसारख्या गावाचा विचार करावा. ओतूर आणि आळेफाट्याच्या दरम्यान, कल्याण-अहिल्यानगर महामार्गालगतच्या या ऊस-कांद्याच्या मुलखात अंधाराची भीती काल्पनिक नाही. उसात दडणाऱ्या बिबट्यांनी या परिसरात माणसांचे बळी घेतले आहेत. पण असा मृत्यू कितीही दारुण असला, तरी त्याचा पंचनामा होतो, वनखात्याकडून वारसांना भरपाई मिळते, आणि गाव एकमुखाने त्याविषयी बोलते. घरातल्या घरात झालेल्या अकस्मात मृत्यूविषयी मात्र तेच गाव आवाज खाली आणते. अशा मृत्यूची वर्दी देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य आहे. त्यानंतर पंचांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा, गरजेप्रमाणे शवविच्छेदन आणि नातेवाइकांच्या जबान्या, हा क्रम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ ने आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ ने घालून दिला आहे. दुसरा कागद तलाठ्याकडे तयार होतो: मयताच्या वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते, आणि तीवरून फेरफार पडून सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. पंचनामा मृत्यूचे कारण विचारतो, वारसनोंद मयताची माणसे विचारते. आणि ज्या कुटुंबात दुसऱ्या घरोब्याची संतती, हक्कसोडपत्रावर घाईने घेतलेली बहिणीची सही किंवा परस्पर विकलेला जमिनीचा तुकडा लपवून ठेवलेला असतो, तेथे या दोन प्रश्नांनी वाड्याच्या भिंती बोलू लागतात. मालिकाकाराने कल्पनेने रचलेला सारा भयप्रसंग मुळात या दोन कागदांच्या पोटात असतो.

‘रात्रीस खेळ चाले’वर अंधश्रद्धेला खतपाणी घातल्याचा आक्षेप आरंभीच घेण्यात आला, आणि ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तेथे तो आक्षेप गांभीर्यानेच ऐकला पाहिजे. अंगात येण्याने खुनी सापडतो असे ज्याला वाटू लागेल, तो फिर्याद देण्याऐवजी देवऋषाचा उंबरठा झिजवील, आणि त्याचा लाभ अपराध्यालाच होईल. तथापि या कथांमधून घेण्याजोगा बोधही त्यांच्यातच आहे. जिवंत माणसांनी वेळीच सांगितले असते, तर मृताला परत येण्याचे कारण उरले नसते. कुलाची अब्रू मौनाने राखली जाते ही आपल्याकडील समजूत असंख्य सुनांच्या, विधवांच्या आणि नाकारलेल्या लेकरांच्या जिवावर उठली आहे. म्हणून संशय आला त्याच दिवशी वर्दी देणे, जबानीत पाहिले तेवढे सर्व सांगणे आणि वारसनोंदीत एकही नाव न गाळणे, हीच मृतासंबंधी आणि मागे राहिलेल्यांसंबंधी खरी कुलनिष्ठा होय.