पानावर नसलेली पट्टी

२००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोपरगाव तालुक्याचं पान उघडा आणि तळाशी जा. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर... अहिल्यानगर जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांची पट्टी दिसेल. आता तेच पान संपादनासाठी उघडून मूळ मजकूर पाहा. ही यादी तिथे नाहीच! आहेत ते दुहेरी महिरपी कंस आणि त्यांच्यात पट्टीचं नाव.

विकिपीडियाकार याला साचा म्हणतात. पट्टी तिच्या स्वतंत्र पानावर एकदाच लिहिलेली असते. कोपरगावचं पान मांडताना मीडियाविकी ही प्रणाली ते कंस ओळखते, साच्याचा आजचा मजकूर आणते आणि तिथे बसवते. आरतीसंग्रहात ध्रुपद एकदाच पूर्ण छापतात, पुढे नुसते पहिले शब्द. उरलेलं आपण म्हणतो. इथे ते यंत्र म्हणतं. कल्पना विकिपीडियाहून जुनी आहे. १९६५ साली 'हायपरटेक्स्ट' हा शब्द देणाऱ्या टेड नेल्सन यांना नक्कल नकोच होती: उतारा मूळ जागी राहावा आणि हव्या तितक्या लेखांत दिसावा.

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. गावोगावच्या पानांत हाताने लिहिलेलं नाव पानोपानी जाऊन बदलावं लागतं, साच्यातलं एकदाच. साचा कुठे कुठे वापरलाय याची नोंद प्रणालीकडे असतेच, ती पानं ती मागच्या मागे ताजी करते. (एक कंस चुकला, तर मोडतोडही सगळीकडे! म्हणून फार वापरातले साचे सुरक्षित करून ठेवतात.) पण शिर्डी पूर्वी कोपरगाव तालुक्यात होती, आज ती राहाता तालुक्यात आहे. साईबाबांच्या काळाविषयीच्या वाक्यात तालुका आणि जिल्हा जुन्या नावांनीच यायला हवेत. अशी वाक्यं हातानेच लिहावीत, साच्यावर सोपवू नयेत.

मला सगळ्यात थक्क करतो तो पानाचा इतिहास. प्रत्येक जुनी आवृत्ती तिथे जपलेली असते. दहा वर्षांपूर्वीची उघडली, तर परिच्छेद तेव्हाचेच दिसतात, पण तळाची पट्टी आजची! आवृत्तीत साठवलेत ते फक्त कंस आणि त्यांतलं नाव. त्या दिवशी वाचकाने पाहिलेली पट्टी हवी असेल, तर साच्याच्या पानावर जाऊन त्याचा इतिहास वेगळा चाळावा लागतो.