लीड्सचे पाहुणे

२१ ऑगस्ट २०२२, रविवार. कोकणातल्या कुणकेश्वरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजले, तेव्हा लीड्सच्या एलंड रोड मैदानावर दुपारी दोनचा फुटबॉल सामना सुरू होत होता. ३३व्या मिनिटाला लीड्सकडून खेळणारा अमेरिकेचा ब्रेंडन आरन्सन चेल्सीचा गोलरक्षक मेंडी याच्यावर धावून गेला, त्याच्या पायातून चेंडू हिसकावला आणि सरळ जाळ्यात ढकलला. लीड्स ३-० जिंकले.

प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण त्या मोसमात प्रीमियर लीगमधला त्याचा हा एकमेव गोल. मे २०२३ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि देशबांधव वेस्टन मॅकेनीसह तोही टीकेचा धनी झाला. नुसत्या गोलांवर त्याला जोखणे अन्यायाचेच. चेंडू गेल्यावर तो परत मिळवायला किती पळतो, हेही मोजायला हवे. २०२४-२५ मध्ये चॅम्पियनशिप या खालच्या श्रेणीत त्याने नऊ गोल केले आणि लीड्स पुन्हा वर आले.

याच शहरातल्या हेडिंग्ले क्रिकेट मैदानाने १९९२ मध्ये एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरला पारखले होते. यॉर्कशायर काउंटी संघाचा तो पहिला परदेशी खेळाडू. तोवर काउंटीत जन्मलेल्यांनाच संघात घेण्याची परंपरा होती. प्रथम श्रेणीत त्याच्या धावा १,०७०, शतक एकच, डरहॅमविरुद्ध.