दुरुस्तीयंत्राची दुरुस्ती

नोव्हेंबर 1909. रेडिओचं नियमित प्रसारण सुरू व्हायला अजून दशकभराचा अवकाश आहे, टीव्ही जन्मायचा आहे, आणि ब्लेरिओचं विमान इंग्लिश खाडी ओलांडून गेल्याला जेमतेम चार महिने झाले आहेत. अशा वेळी ई. एम. फॉर्स्टर हा तिशीतला इंग्रज लेखक 'द मशीन स्टॉप्स' नावाची दीर्घकथा छापतो. ती आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण तिच्यातली खोली आपल्या ओळखीची आहे.

खोली जमिनीखाली आहे आणि पोळ्यातल्या घरासारखी षट्कोनी. खिडकी नाही, दिवा नाही, तरी मंद उजेड भरलेला. मधोमध आरामखुर्ची, तिच्यात वाश्टी नावाची बाई. भिंतीवर बटणंच बटणं: जेवणाचं, कपड्यांचं, संगीताचं, गरम पाण्याच्या आंघोळीचं. खुर्चीतून न उठता ती हजारो माणसांना ओळखते आणि संगीतावर व्याख्यानं देते. श्रोते आपापल्या खोल्यांत बसून ऐकतात. मुलाशी बोलण्यासाठी ती तीन मिनिटं बाकी सगळा संपर्क बंद ठेवते. तो पुन्हा सुरू करते, तर तेवढ्यात साचलेले प्रश्न आणि निरोप तिच्यावर कोसळतात. 1909 सालच्या माणसाला हे दिसलं कसं?

मुलगा कुनो राहतो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. हातातल्या गोल तबकडीत त्याचा चेहरा उमटतो. तो उदास आहे असं आईला वाटतं, पण खात्री होत नाही, कारण चेहऱ्यावरच्या बारीक छटा यंत्र पाठवतच नाही. माणसाचा ढोबळ अंदाज येतो, तेवढ्यावर काम भागतं. आपला व्हिडिओ कॉल याच तत्त्वावर चालतो. प्रत्येक चित्र अख्खं पाठवायचं झालं तर नेहमीची वाहिनी पुरणार नाही. म्हणून आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच बहुतेक वेळा पाठवतात. आपला डोळा उजेडातले फरक बारकाईने टिपतो, रंगातले तितके नाही, म्हणून रंगांची माहिती आणखी छाटतात. नेटवर्क कमजोर झालं की हे बारकावे आणखी पुसट होतात. जे वगळलं ते डोळ्याला कळू नये, हीच तर या तंत्राची करामत.

या जगावर राज्य कोण करतं? फॉर्स्टरने इथे दुष्ट हुकूमशहा उभा केला नाही, माणसाचा सूड घेणारा यंत्रमानवही नाही. मध्यवर्ती समिती आहे, पण तिचं काम मुख्यतः घोषणा करण्याचं. सत्ता आहे ती सवयीची. प्रत्येकाला आपापलं काम चोख येतं, शेजारच्याचं कळेनासं होतं, आणि शेवटी संपूर्ण यंत्र समजणारा एकही माणूस जगात उरत नाही. मला ही कथेतली सर्वांत थोर कल्पना वाटते. 2020 साली आलेल्या जीपीटी-3 या भाषाप्रारूपात 17,500 कोटी आकडे आहेत, आणि ते प्रशिक्षणात आपोआप जुळत गेलेले. त्यातला एखादा आकडा नेमका काय करतो, हे प्रारूप घडवणाऱ्यांनाही सरळ सांगता येत नाही. ते शोधायला संशोधनाची वेगळी शाखा उभी राहिली आहे. फॉर्स्टरचं यंत्र विचार करत नाही, तेवढा फरक आहे. न समजणाऱ्या गोष्टीवर विसंबून राहणं मात्र तेच.

मग यंत्र बिघडू लागतं, आणि बिघाड सुरू होतो संगीतापासून. वाश्टीच्या आवडत्या सिंफनीत ऐन रंगात एक सुस्कारा ऐकू येतो. ती दुरुस्ती समितीकडे तक्रार करते. लवकरच बघू, असं उत्तर मिळतं. सुस्कारा जात नाही. काही दिवसांनी तो तिला खटकेनासा होतो, जणू मूळ सुरावटीतलाच आहे. पुढे आंघोळीच्या पाण्याला वास येतो, कविता करणाऱ्या यंत्राची यमकं चुकू लागतात (होय, 1909 मध्ये कविता करणारं यंत्र!), आणि दर वेळी आधी कुरकुर, मग सवय, असाच क्रम चालतो. अखेर समितीला जाहीर करावं लागतं की, दुरुस्तीयंत्रालाच दुरुस्तीची गरज आहे. एवढ्या एका बातमीत फॉर्स्टरने अख्ख्या संस्कृतीचा पाया उचकटून दाखवला आहे.

याच कथेत एक व्याख्याता श्रोत्यांना बजावतो की, थेट अनुभवातून आलेल्या कल्पनांपासून सावध राहा. कल्पना जितक्या हातांतून फिरून येईल तितकी चांगली. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने ही गोष्ट गणिताने तपासली. एका प्रारूपाने लिहिलेल्या मजकुरावर दुसरं शिकवायचं, दुसऱ्याच्या मजकुरावर तिसरं. पिढ्यांमागून पिढ्या असं केलं की आधी विरळ, क्वचित आढळणाऱ्या गोष्टी नाहीशा होतात, मग उरलेलंही एकसारखं होत जातं आणि शेवटी अर्थ सुटतो. माणसांनी स्वतः लिहिलेला मजकूर त्यात मिसळत राहिला तर घसरण बरीच रोखता येते, असंही त्यात दिसलं.

फॉर्स्टर स्वतः थेट अनुभवाकडे गेला. 1912-13 मध्ये तो हिंदुस्थानात आला, आणि 1921 मध्ये पुन्हा येऊन देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. त्या कथेत एकमेकांच्या स्पर्शालाही घाबरणारी माणसं ज्याने कल्पिली होती, तो तिथे गोकुळाष्टमीच्या गर्दीत, टाळमृदंगाच्या गजरात उभा होता. 'अ पॅसेज टू इंडिया' या 1924 च्या कादंबरीच्या शेवटच्या भागात तो उत्सव आला आहे, आणि तिथे प्राध्यापक नारायण गोडबोले तुकारामांना आळवत नाचतात.