काचपेटीतले जंत

गेल्या पावसाळ्यात एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई औषधाची बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. बाटलीत पाणी होते आणि त्यात केसासारखे पांढरे काहीतरी वळवळत होते. "वर्गातल्या माशांच्या टाकीत जंत झालेत, सर. मुलं हात घालायला तयार नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, टाकीच काढून टाका. कोणतं औषध घालू?"

मी म्हटले, "औषधाचं नंतर बघू. आधी भिंग आणतो."

'जंत' म्हटले की आपल्याला पोटातले जंत आठवतात. घरगुती टाकीतले बहुतेक कृमी मात्र कोणाच्याच पोटात राहत नाहीत, माणसाच्या नाही आणि माशाच्याही नाही. ते वाळूत राहतात आणि कुजके खातात. बाईंच्या बाटलीतल्या कृमींच्या अंगावर भिंगाखाली बारीक वलये दिसली. म्हणजे हे गांडुळाचे धाकटे भाऊबंद. वलये नसलेले आणि चाबकासारखे झटके देत पोहणारे असतील तर ते सूत्रकृमी. तिसरी जात जरा वेगळी. ती वळवळत नाही, काचेवरून संथपणे घसरत जाते. तिचे डोके त्रिकोणी असते आणि त्यावर तिरळे वाटावेत असे दोन डोळे असतात. हा प्लॅनेरिया, म्हणजे चपटकृमी. (याचे तोंड डोक्यावर नसून पोटाच्या मध्यावर असते. मुलांना हे दाखवाच.) माशाच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले, तर मात्र तो खरा परजीवी. त्या माशाला लगेच वेगळे ठेवून त्याच्यावर उपचार करायला हवेत.

हे आले कुठून? मुलांचे उत्तर ठरलेले असते, "घाणीतून झाले." मांसात अळ्या आपोआप होत नाहीत हे फ्रान्सिस्को रेडी यांनी १६६८ साली दाखवले होते, तरी ही समजूत अजून गेलेली नाही. कृमी किंवा त्यांची अंडी येतात ती पाणवनस्पतींबरोबर, तळ्यातल्या वाळूबरोबर, नाहीतर माशांना घातलेल्या जिवंत खाद्याबरोबर. घाणीतून ते जन्मत नाहीत, घाणीवर वाढतात. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे : चार-दोन होते त्यांचे शेकडो झाले कशावर?

बाईंनी चौकशी केली तेव्हा कळले, की माशांना खाऊ घालण्याचा मान प्रत्येक बाकाला मिळावा म्हणून दिवसातून आठ-दहा चिमट्या पडत होत्या. मासे होते सहा.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. एम.एस्सी.ला असताना माझ्या टाकीत असेच कृमी झाले. मी टाकी रिकामी केली, वाळू उकळली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला आणि नवे पाणी भरले. कृमी गेले. आठवड्याभरात अकरापैकी सात गप्पीही गेले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया पाण्यात येत असतो, आणि तो विषारी असतो. वाळूवर आणि स्पंजात राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मी उकळून मारले ते हे जीवाणू. त्यांची वस्ती नव्याने बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. मासे तेवढे थांबू शकत नाहीत.

तेव्हा टाकी उपसू नका. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घाला. मोठ्या, निरोगी माशांना आठवड्यातून एक उपास चालतो, आणि भुकेले गप्पी वळवळणारे बारीक कृमी आवडीने खातात. आठवड्यातून एकदा रबरी नळीने वाळूवरचा गाळ ओढून घ्या आणि त्याबरोबर पाव टाकी पाणी काढा. (नळी तोंडाने ओढू नये. ती आधी पाण्याने भरून घ्यावी.) भरायचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा. स्पंज धुवायचा तो काढलेल्या पाण्यातच, हलक्या हाताने पिळून. एखाद्या दिवशी कृमी एकदम काचेवर चढू लागले, तर वाळूत प्राणवायू कमी पडत असण्याची शक्यता आहे. तेही कारण पाहा.

प्लॅनेरिया जास्त चिवट. बरेच मासे त्याला तोंड लावत नाहीत, आणि झिंग्यांची पिल्ले पाळणाऱ्यांना तो खरा उपद्रव देतो. त्याला काचेवर चिरडू नका. थॉमस हंट मॉर्गन यांनी (हेच पुढे १९३३ सालचे नोबेल विजेते) १८९८ साली त्याचे तुकडे करून पाहिले, तेव्हा शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी तयार झाल्याची नोंद त्यांनी केली. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोके पाडा, आत मांसाचा कण ठेवा, रात्री ती टाकीत सोडा आणि उजाडायच्या आत बाहेर काढा.

गुरांच्या जंतांवर वापरतात ते फेनबेंडाझोल प्लॅनेरियाला मारते, पण कित्येक गोगलगायींनाही मारते. शिवाय एकदम मेलेले शेकडो कृमी कुजले की पुन्हा अमोनिया वाढतो. शाळेच्या टाकीत ते घालावे असे मला वाटत नाही.

बाईंनी खाद्याची पाळी एका बाकाकडे, दिवसातून एकदाच, अशी ठेवली. उरलेल्या बाकांना काम दिले ते काचेच्या एका ठरावीक चौकोनातले कृमी रोज मोजून वहीत लिहिण्याचे. पहिल्या दिवशी ते त्रेचाळीस होते, चौथ्या आठवड्यात पाच. मुख्याध्यापकांनी ती वही पाहिली आणि टाकी जागेवरच राहिली.