लेखांक ५ : चिखल आणि काळ्या दगडामधली रेघ

करावे गावातून पाम बीच रस्ता ओलांडला की खारफुटी लागते. तिच्यापलीकडे खाडी, आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. उलट दिशेला, नेरूळच्या मागे, पारसिकच्या रांगेचा काळा दगड. गेल्या आठवड्यात आपण निकोलस स्टेनोचा १६६९चा नियम पाहिला : थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा. नियम सोपा आहे, पण तो लावताना आपण नकळत आणखी एक गोष्ट धरून चालतो. थर जितका जाड तितका त्याला लागलेला काळ मोठा, असं आपल्याला वाटतं. करावे परिसरात हे अजिबात खरं नाही.

सीवूड्सकडे एखादी उंच इमारत उभी करायची तर पायलिंगच्या आधी बोअर घेतात. मऊ मातीचे नमुने पिशव्यांत भरतात, आणि खडकाचे गोल दांडके लांबट पेटीत, खण करून, खोलीच्या क्रमाने मांडून ठेवतात. या पेटीला साइटवर ‘कोअर बॉक्स’ म्हणतात. खाडीकाठच्या बोअरमध्ये साधारण असा क्रम मिळतो : सगळ्यांत वर माणसाने टाकलेला भराव, मग शिंपल्यांचे तुकडे मिसळलेला करडा-काळा चिखल, त्याखाली मुरूम, आणि शेवटी टणक बेसाल्ट.

चिखल गेल्या काही हजार वर्षांतला. हिमयुग ओसरल्यावर समुद्राची पातळी चढली, पाणी दऱ्यांत शिरलं, खाड्या झाल्या आणि त्यांत गाळ बसत गेला. त्याच्याखालचा बेसाल्ट मात्र सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे चिखल जिथे संपतो आणि दगड जिथे सुरू होतो तिथे सहा कोटी वर्षांचा हिशेब लागत नाही. हिमालय उभा राहिला, घोडे आणि हत्ती उत्क्रांत झाले, माणूस आला. यातलं काहीही इथे थराच्या रूपात साठलेलं नाही. जमीन पाण्याबाहेर होती, पाऊस तिला झिजवत होता आणि सुटलेली माती समुद्राकडे नेत होता. त्या दीर्घ काळाची खूण म्हणून आपल्या हातात उरतो तो मुरूम, म्हणजे कुजत गेलेला दगड. कंत्राटदार ज्याच्याकडे नुसतं ‘कठीण लागायला अजून किती मीटर’ म्हणून पाहतो, तोच इथला सगळ्यांत बोलका थर आहे असं मला वाटतं. स्कॉटलंडमध्ये सिकार पॉइंटच्या कड्यावर जेम्स हटनने १७८८ साली अशीच एक रेघ पाहिली होती. तिथे उभे कललेले जुने थर झिजून गेले होते आणि त्यांच्यावर नवे थर बसले होते. पृथ्वीचं वय मानवी इतिहासाच्या मापात मावणार नाही, ही त्याची खात्री त्या रेघेने पक्की केली.

आता दगडाकडे वळू. लाव्हाचा एकेक थर कित्येक मीटर जाड असतो, पण तो पसरून निवायला लागलेला काळ भूशास्त्राच्या मापाने क्षणभराचा. खरा काळ जातो तो दोन उद्रेकांच्या मधे. तेवढ्यात दगडावर पाऊस पडतो, माती बनते, झाडं उगवतात, खोलगट जागी तळी साचतात. मग पुन्हा लाव्हा येतो आणि ते सगळं झाकतो. बोरघाटातून जाताना रस्त्याच्या कापात काळ्या दगडांच्या मधे एखादा तांबडा पट्टा दिसतो. तो अशीच भाजलेली जुनी जमीन आहे. वरखालच्या काळ्या थरांपुढे तो अगदी पातळ, पण काळ त्यातच साठलेला.

अशा मधल्या थरांत जीवाश्म मिळतात. आपल्या जवळचं, जगभर माहीत असलेलं उदाहरण वरळीच्या टेकडीचं. तिथल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले, बारीक हाडं बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी. १८४७मध्ये रिचर्ड ओवेनने या बेडकाचं वर्णन केलं. पुढे १९३०मध्ये नोबलने त्याला ‘इंडोबॅट्रॅकस’ हे नाव दिलं. हेन्री कार्टर या मुंबईतल्या डॉक्टरांनी १८५२च्या सुमाराला बेटाच्या भूरचनेवर लिहिताना त्याच थरांतलं गोड्या पाण्यातलं कासव, वनस्पतींचे अवशेष आणि दोन शिंपांत मावणारे सायप्रिससारखे सूक्ष्म जीव नोंदवले. बेडूक खाऱ्या पाण्यात राहत नाही. हाडं विखुरली नाहीत, म्हणजे पाणी संथ होतं आणि गाळाने त्यांना लवकर झाकलं. आज जिथे लाटा आपटतात तिथे तेव्हा लाव्हाच्या माळावरचं उथळ तळं होतं, हे त्या इवल्या हाडांवरून कळतं.

वरळी आणि पारसिक यांची सांगडही पाहण्यासारखी आहे. घाटात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत; पनवेलच्या आसपास ते पश्चिमेला वाकतात आणि समुद्राकडे उतरत जातात. भूवैज्ञानिक याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. त्यामुळे पारसिकहून वरळीकडे जाताना चढ न चढताही आपण एकंदरीत जुन्या थरांकडून नव्या थरांकडे जातो.

पुन्हा चिखलाकडे येतो, कारण तोही मुका नाही. १८७०च्या दशकात मुंबईच्या प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू असताना चिखलाखाली खैराच्या झाडांची शेकडो खोडं निघाली. त्यांतली कितीतरी उभी होती, मुळं जमिनीत रोवलेली. खैर भरतीच्या पाण्यात वाढत नाही. जिथे गोदी झाली तिथे कधीकाळी कोरडं रान होतं, हे सांगायला एवढं पुरे.

बंदराच्या या काठावर गेली काही दशकं सतत खोदकाम चालू आहे, आणि प्रत्येक बोअरबरोबर असा एक उभा छेद वर येतो. पाया भरला की त्या पेट्यांचं काम संपतं. त्यांतली एकेक पेटी गावातल्या शाळांच्या प्रयोगशाळेत, खोलीचे आकडे लिहून, ठेवायला हवी. मुलांनी बोट ठेवून विचारावं, इथे चिखल संपला, मग मधलं कुठे गेलं?

पुढच्या आठवड्यात नागपूरजवळच्या टाकळीला जाऊ. तिथे दोन लाव्हाथरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि फळं-बिया दगड होऊन राहिल्या आहेत. त्या जमवणारे स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून नागपुरात आले होते.