त्रास नाही, मग तपासणी कशाला?

बावन्न वर्षांच्या एक बाई सुनेला घेऊन ओपीडीत आल्या. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, आणि आता पुन्हा अंगावरून लाल जात होतं. कधीपासून? ‘‘दिवाळीपासून.’’ तेव्हा जून चालू होता. सून त्यांच्याकडे बघतच राहिली. घरात कुणालाच पत्ता नव्हता. तपासलं तर गर्भाशयाच्या मुखावर गाठ. ‘‘मावशी, आधी कधी तपासणी केली होती?’’ ‘‘त्रासच नव्हता, मग कशाला?’’

हे उत्तर आम्हाला नेहमी मिळतं. पण या आजाराची गोष्ट उलटी आहे. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांना कधी ना कधी होतो आणि साधारण दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या बाबतीत तो टिकून राहतो, मुखाच्या पेशी हळूहळू बदलतात. त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. या काळात ना दुखतं, ना रक्त जातं. तपासणी करायची ती याच काळात.

आणि ती साधी आहे. मुखाला सौम्य व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं. बदललेला भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी अशी तपासणी झाली, तीही डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी. या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचा धाराशिव) अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. तिथे आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हिनेगरच्या एकाच फेरीने मात्र तेवढा फरक पडला नाही. म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी ठेवलेली आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. पाळीचे दिवस तेवढे टाळा. डाग दिसलाच, तर बहुतेकदा तो भाग गोठवून किंवा शेकून काढता येतो, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

लाज हा अडथळा आहेच, पण त्याहून मोठी एक भीती आहे, ती कुणी मोठ्याने बोलत नाही. विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं की ‘घरचे काय म्हणतील?’ एका बाईंनी रिपोर्ट पदराखाली लपवून नेला होता. अहो, हा संसर्ग वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. तो कुणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगत नाही, आणि त्यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्यात काही अर्थ नाही.

मुलींसाठी लस आहे, ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी. पुण्यात बनलेली भारतीय लसही आता मिळते. आधीच असलेला संसर्ग मात्र ती घालवत नाही, त्यामुळे मुलीला लस देऊन आणलेल्या आईची तपासणी बाकीच राहते.

त्या मावशींचे रेडिएशन पूर्ण झाले. सुनेची तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी केली, डाग नव्हता. ‘‘जावेला पुढच्या आठवड्यात आणते,’’ म्हणाली होती. जाऊबाई अजून आलेल्या नाहीत.